वेगाचे चिलखत

पाण्यावर तरंगणारे जहाज आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शाळेत शिकला आहात. म्हणूनच युद्धनौकेचे वजन सांगताना ‘विस्थापन’ हा शब्द वापरतात. नौका बांधण्यापूर्वी तिचे विस्थापन ठरवले, की रचनाकारापुढे घरखर्चासारखा प्रश्न उभा राहतो. पगार ठरलेला आहे आणि मागणारे अनेक आहेत. तोफांना वजन हवे, शत्रूचे गोळे अडवणाऱ्या पोलादी चिलखताला वजन हवे, आणि वेग देणाऱ्या बॉयलर-टर्बाइनांनाही हवे. एकाला जास्त दिले, की दुसऱ्याच्या वाट्यातून तेवढे कापावे लागते.

या वाटणीचा परिणाम किती दूरवर जातो, याचे एक ठळक उदाहरण म्हणजे जपानच्या आरमारातील कोंगो वर्गाच्या चार नौका. त्यांची रचना पहिल्या महायुद्धापूर्वी झाली आणि त्यांची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. मधल्या तीस वर्षांत त्यांच्यात पुष्कळ बदल केले गेले, परंतु पहिल्या वाटणीत राहिलेली उणीव पूर्णपणे भरून निघाली नाही.

बॅटलक्रूझर म्हणजे काय?

विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या युद्धनौकांचे दोन प्रमुख प्रकार होते. बॅटलशिप म्हणजे जाड चिलखताची, मोठ्या तोफांची, पण संथ नौका. क्रूझर म्हणजे वेगवान, पण लहान तोफांची नौका. ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल फिशर यांनी या दोहोंचा मेळ घालायचे ठरवले. तोफा बॅटलशिपच्या आणि वेग क्रूझरचा! मग कपात कशात करायची? अर्थात चिलखतात. वेग हेच चिलखत, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्याहून बलवान शत्रू दिसला तर वेगाने दूर जायचे, आणि दुबळा दिसला तर त्याला गाठून बुडवायचे. ‘इन्व्हिन्सिबल’ ही या विचारातून जन्मलेली पहिली नौका. अशा नौकांना पुढे बॅटलक्रूझर हे नाव पडले.

जपानलाही अशा नौका हव्या होत्या. ‘कोंगो’ या पहिल्या नौकेचे काम इंग्लंडमधील व्हिकर्स या कंपनीला देण्यात आले. कंपनीचे रचनाकार सर जॉर्ज थर्स्टन यांनी आराखडा केला आणि जानेवारी १९११ मध्ये बॅरो येथे बांधणी सुरू झाली. ऑगस्ट १९१३ मध्ये नौका जपानच्या ताब्यात आली. जपानने परदेशात बांधून घेतलेली ही शेवटची मोठी युद्धनौका होय. तिच्या बहिणी मात्र त्याच आराखड्यावरून जपानमध्येच बांधल्या गेल्या. ‘हिएई’ योकोसुका येथे, ‘हारुना’ कोबे येथे आणि ‘किरिशिमा’ नागासाकी येथे. परक्याकडून एक वस्तू घ्यायची, ती कशी बनते ते बारकाईने शिकायचे आणि पुढच्या घरी बनवायच्या, ही जपानची रीत येथेही दिसते.

या चारही नौकांना पर्वतांची नावे दिली होती. त्यांतील ‘कोंगो’ हा शब्द आपल्याला परका वाटू नये. बौद्ध ग्रंथांबरोबर जपानमध्ये गेलेल्या ‘वज्र’ या संस्कृत शब्दाचा तो जपानी प्रतिशब्द आहे.

मूळ ‘कोंगो’ची लांबी सुमारे २१४ मीटर, विस्थापन सुमारे २७,५०० टन आणि वेग २७.५ नॉट होता. (१ नॉट म्हणजे ताशी १ सागरी मैल, अर्थात ताशी १.८५२ किलोमीटर. म्हणजे हा वेग ताशी सुमारे ५१ किलोमीटर झाला.) तिच्यावर ३५६ मिलिमीटर व्यासाच्या आठ तोफा होत्या. त्या काळी इतक्या मोठ्या तोफा दुसऱ्या कोणत्याही बॅटलक्रूझरवर नव्हत्या. परंतु तिच्या कुशीवरचा चिलखताचा पट्टा होता जास्तीत जास्त २०३ मिलिमीटर जाडीचा. ढोबळ मानाने, लढाईच्या नेहमीच्या अंतरावरून तोफेचा गोळा आपल्या व्यासाइतक्या जाडीचे पोलाद भेदू शकतो, असे धरतात. याचा अर्थ उघड आहे. ‘कोंगो’ स्वतःच्याच तोफांचा मारा सोसू शकली नसती.

गोळ्याची ऊर्जा

हा मारा म्हणजे काय, ते आकड्यांनी पाहू. या तोफेचा पुढील काळातील गोळा सुमारे ६७३ किलोग्रॅम वजनाचा होता आणि तो नळीतून सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने सुटे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. गणित केल्यास उत्तर येते जवळजवळ २० कोटी ज्यूल. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या १० टनी मालट्रकची ऊर्जा सुमारे १४ लाख ज्यूल असते. म्हणजे असे १४० हून अधिक मालट्रक एकदम एकाच जागी आदळावेत, तसा हा प्रकार. शिवाय गोळ्याच्या पोटातील स्फोटक द्रव्य वेगळेच!

३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत ‘इन्डिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि खुद्द ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर दारूकोठारांचे स्फोट होऊन बुडाल्या. त्यांच्याबरोबर तीन हजारांहून अधिक माणसे गेली. याला केवळ पातळ चिलखत कारणीभूत नव्हते. तोफांचा बार लवकर उडावा म्हणून दारूच्या पिशव्या हाताळताना सुरक्षिततेचे नियम ढिले केले गेले होते. परंतु चिलखतात बचत केलेल्या नौकेत चुकीला किती थोडी जागा उरते, हे मात्र साऱ्या जगाने पाहिले.

नाव बदलले, पट्टा तोच

१९२२ च्या वॉशिंग्टन करारानुसार मोठ्या युद्धनौकांच्या नव्या बांधणीवर दहा वर्षांची बंदी आली. जुन्या नौका सुधारण्यास परवानगी होती, पण ती मोजकीच. विमाने आणि पाणबुड्या यांच्यापासून संरक्षणासाठी प्रत्येक नौकेवर ३,००० टनांपर्यंत भर घालता येई. कुशीवरच्या चिलखतात मात्र जपानला बदल करता येत नव्हता.

येथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. फार लांबून उडवलेला गोळा आकाशात उंच चढतो आणि वरून, तिरपा, डेकवर कोसळतो. विमानातून टाकलेला बॉम्बही वरूनच येतो. जवळून उडवलेला गोळा मात्र जवळजवळ आडवा येतो आणि कुशीवर आदळतो. जपानी तंत्रज्ञांनी दारूकोठारांवरील आणि यंत्रांवरील डेकचे चिलखत वाढवले. पाणतीराचा स्फोट बाहेरच व्हावा म्हणून कुशीला पोकळ फुगवटे जोडले. वाढलेल्या वजनामुळे वेग २६ नॉटपर्यंत उतरला. या पहिल्या सुधारणेनंतर नौकांचे वर्गीकरण ‘बॅटलशिप’ असे करण्यात आले. कागदावरचे नाव बदलले, पण कुशीवरचा पट्टा २०३ मिलिमीटरचाच राहिला. ‘हिएई’ची कथा थोडी निराळी. १९३० च्या लंडन करारामुळे तिचा एक तोफबुरूज व कुशीचे चिलखत काढून तिला प्रशिक्षण नौका करावे लागले आणि पुढे पुन्हा सज्ज करण्यात आले.

१९३३ ते १९४० या काळात दुसरी, अधिक मोठी पुनर्बांधणी झाली, ती वेगासाठी. बॉयलर आणि टर्बाइन नवे बसवले. अश्वशक्ती ६४,००० वरून १,३६,००० वर गेली. वेग झाला सुमारे ३०.५ नॉट. शक्ती दुपटीहून जास्त, आणि वेगात वाढ मूळच्या मानाने केवळ ११ टक्के! असे का व्हावे?

पाण्याचा विरोध ढोबळपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.११ चा घन सुमारे १.३७ येतो. म्हणजे केवळ या नियमाने सुमारे ८८,००० अश्वशक्ती पुरली असती. परंतु नौका आता ३६,००० टनांहून जड झाली होती, हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे लाटा. चालणारे जहाज स्वतःच लाटा निर्माण करते, आणि त्या लाटांची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २७.५ नॉटला ही लाट सुमारे १२८ मीटर लांब असते, तर ३०.५ नॉटला सुमारे १५८ मीटर. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीजवळ येऊ लागली, की जहाजाला स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो आणि विरोध झपाट्याने वाढतो. म्हणून तंत्रज्ञांनी नौकांचा मागचा भाग सुमारे ८ मीटरांनी वाढवून लांबी २२२ मीटर केली.

शाळेत हे पडताळून पाहता येईल. हौदाच्या काठावर कप्पी बसवा. लाकडी होडीच्या नाकाला दोरा बांधून तो कप्पीवरून खाली सोडा आणि टोकाला वजन लटकवा. ठरावीक अंतर कापायला होडीला किती वेळ लागतो, ते घड्याळाने मोजा. मग वजन दुप्पट आणि चौपट करून पाहा. वजन चौपट केले तरी वेग फार तर दुपटीच्या आसपास जातो, असे तुम्हाला आढळेल. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात लांब टाकीत मेणाच्या प्रतिकृती ओढून याच विषयाचा पाया घातला.

वेगामुळे पुढे, वेगामुळे संकटात

३० नॉटचा वेग मिळाल्यामुळे या चार नौकांना जपानच्या आरमारात वेगळेच स्थान मिळाले. विमानवाहू नौकांच्या बरोबरीने धावू शकतील अशा मोठ्या तोफांच्या जपानी नौका या चारच. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या ताफ्याबरोबर ‘हिएई’ आणि ‘किरिशिमा’ होत्या. एप्रिल १९४२ मध्ये चारही नौका विमानवाहू ताफ्यासह हिंदी महासागरात उतरल्या. त्या ताफ्याच्या विमानांनी ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला केला. त्याच सुमारास दुसऱ्या एका जपानी ताफ्याच्या विमानांनी ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब टाकले. ब्रिटिश ताफ्याला माघार घ्यावी लागली. त्याच्या जलद नौका आपल्या मुंबई बंदरात आल्या, तर जुन्या संथ नौका थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंदिनीला धाडण्यात आल्या. ‘यामातो’ ही ४१० मिलिमीटर चिलखताची अवाढव्य जपानी नौका मात्र युद्धाचा बराच काळ बंदरात उभी होती.

ऑगस्ट १९४२ पासून सॉलोमन बेटांतील ग्वाडलकॅनाल बेटासाठी झुंज सुरू झाली. तेथील हेंडरसन विमानतळ अमेरिकेच्या हाती होता. दिवसा त्याच्या विमानांच्या टप्प्यात जाणे म्हणजे मृत्यू. उपाय एकच. अंधार पडल्यावर यायचे, मारा करायचा आणि उजाडण्यापूर्वी टप्प्याबाहेर पडायचे. समजा, परतीसाठी अंधाराचे पाच तास हाती आहेत. २४ नॉटची नौका १२० सागरी मैल जाईल, तर ३० नॉटची १५०. हे तीस मैल जीवनमरणाचे होते. १३ ऑक्टोबरच्या रात्री ‘कोंगो’ आणि ‘हारुना’ यांनी अशाच धावत्या फेरीत विमानतळावर ९७३ गोळे टाकले आणि त्या सुखरूप परतल्या. येथे वेग खरोखर चिलखत ठरला.

महिन्याने तीच कामगिरी ‘हिएई’ आणि ‘किरिशिमा’ यांच्याकडे आली. १३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर काळोखात त्यांची अमेरिकन ताफ्याशी गाठ पडली, तीही अगदी जवळून. ‘लाफी’ ही अमेरिकन विनाशिका ‘हिएई’पासून काही मीटरांवरून निसटली! डेकवर वाढवलेले पोलाद येथे निरुपयोगी होते. सर्व मारा आडवा येत होता. बॅटलशिपसमोर क्षुल्लक वाटणाऱ्या २०३ मिलिमीटर तोफांचे गोळेही एवढ्या अंतरावरून धोकादायक होते. त्यांतील एका गोळ्याने ‘हिएई’च्या मागील भागातील सुकाणूच्या यंत्रांच्या कक्षात पाणी शिरले. नौकेची टर्बाइने अजून फिरू शकत होती, पण तिला दिशा धरता येईना. ती गोल गोल फिरू लागली. उजाडले तेव्हा ती विमानतळाच्या टप्प्यातच होती. दिवसभर विमानांनी तिच्यावर हल्ले केले आणि संध्याकाळी ती बुडाली. त्या युद्धात जपानने गमावलेली ही पहिली बॅटलशिप. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. भौतिकीत चालीला केवळ परिमाण असते, वेगाला दिशाही असते. ‘हिएई’ची दिशा गेली, आणि तिचे चिलखत गेले.

दुसऱ्याच रात्री ‘किरिशिमा’ परत आली. या वेळी समोर ‘वॉशिंग्टन’ ही ४०६ मिलिमीटर तोफांची नवी अमेरिकन बॅटलशिप होती आणि तिच्याजवळ रडार होते. ‘किरिशिमा’चे लक्ष ‘साउथ डकोटा’ या दुसऱ्या अमेरिकन नौकेवर असताना ‘वॉशिंग्टन’ने अंधारातून सुमारे ७.७ किलोमीटरवरून मारा सुरू केला. एवढे अंतर कापायला गोळ्याला सुमारे १२-१३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ३० नॉटची नौका फार तर २०० मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीहूनही कमी सरकते. गोळा २५ किलोमीटरवरून आला असता तर पाऊण मिनिट लागले असते आणि नौका ७०० मीटर पुढे गेली असती. म्हणजे वेगाचे चिलखत अंतरावर अवलंबून असते. जवळून त्याची जाडी शून्य होते. काही मिनिटांतच किमान ९ मोठे गोळे ‘किरिशिमा’वर आदळले. १५ नोव्हेंबरच्या पहाटे ती उलटून बुडाली.

उरलेल्या दोघी

‘कोंगो’ आणि ‘हारुना’ पुढे दोन वर्षे लढल्या. नोव्हेंबर १९४४ मध्ये ‘कोंगो’ ब्रुनेईहून जपानकडे परतत होती. २१ तारखेच्या पहाटे तैवानच्या सामुद्रधुनीत अमेरिकन पाणबुडी ‘सीलायन’ने तिला गाठले. ताफा त्या वेळी सुमारे १६ नॉटनेच चालला होता. तो पूर्ण वेगात असता तर ही पाणबुडी पाठलाग करू शकली नसती. किमान दोन पाणतीर लागले. पाण्याखाली ५ मीटरांवर भोक पडले, तर टॉरिसेलीच्या नियमाने पाणी सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने आत घुसते. एक चौरस मीटरच्या भोकातून प्रत्येक सेकंदाला कित्येक टन! ‘कोंगो’ आरंभी चालत राहिली, पण पाणी वाढत गेले, नौका कलली, आणि सुमारे अडीच तासांनी दारूकोठाराचा स्फोट झाला. बाराशेहून अधिक माणसे मरण पावली. पाणबुडीने बुडवलेली ती एकमेव जपानी बॅटलशिप ठरली.

‘हारुना’ सर्वांत जास्त जगली. पण १९४५ मध्ये जपानजवळ तेलच उरले नव्हते. १,३६,००० अश्वशक्तीची ही नौका कुरे बंदराजवळ नांगरून पडली होती. २८ जुलै १९४५ रोजी विमानहल्ल्यात ती तेथेच उथळ पाण्यात बसली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तिचे तुकडे करून पोलाद मोडीत काढण्यात आले.

चौघींचे शेवट एकत्र पाहा. एकीचे सुकाणू गेले, दुसरी फार जवळून गाठली गेली, तिसरी संथ चालली होती, चौथी उभीच होती. वेग हेच चिलखत, हा फिशर यांचा विचार सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु पोलादाचे चिलखत नौका थांबली तरी जागेवर असते. वेगाचे चिलखत सुकाणू, तेल, अंतर आणि शत्रूची साधने या साऱ्यांवर अवलंबून असते, आणि त्यांतले एक गेले की ते सगळेच गळून पडते. आराखड्यावरील ही निवड करणारे मोजकेच होते. तिची किंमत बॉयलरखान्यात आणि तोफबुरुजांत काम करणाऱ्या शेकडो खलाशांनी दिली.

‘किरिशिमा’चे अवशेष १९९२ मध्ये, तर ‘हिएई’चे २०१९ मध्ये समुद्रतळावर सापडले. दोन्ही नौका उलट्या पडलेल्या आहेत.

शेवटी वहीत करण्यासाठी एक गणित. पोलादाची घनता दर घनमीटरला ७.८५ टन धरा. समजा, १२० मीटर लांब आणि ४ मीटर उंच असा चिलखती पट्टा नौकेच्या दोन्ही कुशींवर आणखी १० सेंटिमीटर जाड करायचा आहे. किती टन वजन वाढेल? ४,००० चौरस मीटरचा डेक तितकाच जाड करायचा तर किती? ही वजने कोणाच्या वाट्यातून काढाल – तोफांच्या, बॉयलरच्या, की तेलाच्या? पहिल्या दोन प्रश्नांना एकेकच उत्तर आहे. तिसऱ्याचे उत्तर वर्गात वाद घालून शोधा.